फायनल पहिल्या गोळीपासून पाहा

नमस्कार श्रोतेहो.

ऑलिंपिक सुरू झालं की घराघरांत टीव्ही लागतो. पण बहुतेकदा पदकाची बातमी आधी मोबाइलवर येते. मग आपण शेवटचा अर्धा मिनिट शोधून पाहतो, आनंदाने टाळ्या वाजवतो आणि पुढच्या पदकाची वाट बघत बसतो. माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे की पदक येवो न येवो, एक तरी स्पर्धा सुरुवातीपासून अखेरपर्यंत पाहा.

पॅरिस ऑलिंपिकमधली 1 ऑगस्ट 2024 ची दुपार आठवा. आपल्याकडे एक वाजता 50 मीटर रायफल थ्री पोझिशनची फायनल सुरू झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्यात होता. नेमबाजी टीव्हीवर कंटाळवाणी वाटते, असं पुष्कळ जण म्हणतात, कारण गोळी दिसत नाही आणि नेमबाज जागचा हलत नाही. पण पडद्याच्या कडेला आकड्यांची पाटी असते, आणि सगळं नाट्य तिथे चाललेलं असतं. लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम 10.4 मिलिमीटर आणि अंतर 50 मीटर! त्या वर्तुळाच्याही आत मोजणी दशांशात होते. एका गोळीला जास्तीत जास्त 10.9.

आधी गुडघ्यावर बसून 15 गोळ्या, मग पालथं झोपून 15 आणि शेवटी उभं राहून. झोपल्यावर कोपरांना जमिनीचा आधार मिळतो, म्हणून तिथे सगळ्यांचेच गुण चढतात. उभं राहिल्यावर मात्र शरीराचा बारीकसा झोकाही नळीच्या टोकाला जाणवतो, आणि खरी उलथापालथ तिथेच होते. स्वप्नील गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा. उभ्याने दहा गोळ्या झाल्या तेव्हा 411.6 गुणांवर तो तिसरा आला. तिथून पुढे दर गोळीला सर्वांत मागचा बाहेर. एक गोळी 9.4 ला गेली तेव्हा जीव टांगणीला लागला. शेवटी 451.4 गुण आणि कांस्यपदक. पाचव्या-सहाव्या स्थानावर तो किती शांत राहिला हे ज्यांनी पाहिलं, त्यांना त्या पदकाची किंमत वेगळीच कळली.

त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे 2004 मध्ये अथेन्सला स्वतः याच प्रकारात उतरल्या होत्या. आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवलं, त्यानंतर वैयक्तिक पदक महाराष्ट्राच्या मुलाच्या गळ्यात पडायला 72 वर्षं लागली. मधल्या काळात आपली मुलं खेळत नव्हती असं थोडंच आहे? आपण पदकाशिवाय त्यांच्याकडे पाहिलं नाही, याची मला खंत वाटते.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या. इथला अडथळा साध्या हर्डलसारखा धक्क्याने पडत नाही, तो घट्ट उभा असतो. पाय अडकला तर माणूसच पडतो. पॅरिसला प्रत्येक हीटमधले, म्हणजे प्राथमिक शर्यतीतले, फक्त पहिले पाच फायनलला जाणार होते, वेळ कितीही चांगली असो. अविनाश पाचवा आला. हे ठाऊक असलं की हीटची शेवटची फेरी पाहताना आपणच खुर्चीच्या काठावर येतो. ऑलिंपिक स्टीपलचेसची फायनल गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. ती फायनल आपल्याकडे मध्यरात्रीनंतर झाली आणि तो अकरावा आला, म्हणून सकाळी कुणी विशेष बोललं नाही. पण काय शर्यत होती ती! शेवटच्या फेरीत इथिओपियाचा लामेचा गिर्मा अडथळ्याला अडकून जोरात कोसळला. अमेरिकेचा केनेथ रुक्स कुणाच्या ध्यानीमनी नसताना सगळ्यांच्या पुढे निघाला. शेवटच्या सरळ टप्प्यात मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीने त्याला गाठून सुवर्ण नेलं. यात आपल्या देशाला काही मिळालं नाही, तरी त्या आठ मिनिटांत डोळे पडद्यावरून हलवता येत नव्हते.

म्हणून सांगते, खेळ निवडताना दोनच गोष्टी आधी विचारून घ्या: गुण कसे मिळतात आणि बाहेर कोण, कधी पडतो. घरातल्या मुलांना विचारा, ती पाच मिनिटांत शोधून सांगतील. तेवढ्यावर नेमबाजी, तिरंदाजी, धावणं, सगळं पाहता येतं.

पुढचं ऑलिंपिक जुलै 2028 मध्ये लॉस एंजेलिसला आहे. तिथली घड्याळं आपल्या साडेबारा तास मागे असतील, म्हणजे तिथली संध्याकाळ आपल्याला सकाळी दिसेल. त्या वेळच्या स्पर्धांसाठी रात्र जागवायची गरज नाही. क्रिकेटही 1900 नंतर प्रथमच ऑलिंपिकमध्ये परत येतंय, ते आपण पाहणारच. पण ॲथलेटिक्स या वेळी पहिल्याच आठवड्यात आहे. वेळापत्रक हाती आलं की त्यातल्या एखाद्या हीटवर खूण करून ठेवा, आणि शेजाऱ्यांनाही बोलवा.

नमस्कार.