उंडो आणि आईचा काजूगराचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

आज स्टुडिओत येताना पणजीतल्या आल्तिन्होचा चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. त्या सगळ्यांची इथूनच माफी मागतो. माझी गाडी 1960 सालची आहे, इंजिन 1192 सीसीचं, आणि तिला घाई केलेली चालत नाही.

फोक्सवॅगनची ही व्हॅन तुम्ही पाहिली असेल. तोंड गोल, इंजिन मागे, पुढून पाहिली की हसल्यासारखी दिसते. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने 1947 मध्ये तिचं कच्चं चित्र काढलं आणि 1950 मध्ये जर्मनीत ती कारखान्यातून बाहेर पडायला लागली. ब्राझीलमध्ये तर ही व्हॅन 2013 पर्यंत बनत होती. पोर्तुगालात तिला 'साच्यातला पाव' अशा अर्थाचं नाव आहे. आमच्या वाड्यावर कोणाला पोर्तुगीज येत नसतानाही पोरांनी तिला 'उंडो' म्हणायला सुरुवात केली. सकाळी पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, जो गोल उंडो पाव मिळतो, तोच. दोन देशांतल्या लोकांना एकच गाडी पाहून पावच आठवावा, याचा अर्थ ती खरंच पावासारखी दिसते, दुसरं काय.

गोवा मुक्तीच्या आधी ती बोटीने मुरगावला उतरली आणि डिचोलीकडच्या एका खाणीवर माणसं ने-आण करत होती. 1974 मध्ये माझ्या वडिलांनी ती जुनी म्हणून घेतली. आता वर्षातून ती फार तर पंधरा-वीस वेळा बाहेर पडते. अशी क्वचित चालणारी, हवेवर थंड होणारी गाडी कशी सांभाळायची, हा आजचा विषय.

पहिली गोष्ट. गाडी नुसती सुरू करून ठेवू नका, चालवा. कागद-पेन्सिल घेऊन बसला असाल तर एवढंच लिहा. सुरू करू नका, चालवा. पुष्कळ लोक दर रविवारी अंगणात इंजिन पाच मिनिटं घरघर करवतात आणि गाडीची सेवा झाली म्हणून चहाला जातात. ही सेवा नव्हे, छळ आहे. पेट्रोल जळलं की त्यातून पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापलं तर ती निघून जाते. पाच मिनिटांत तेल कोमटसुद्धा होत नाही, मग ते पाणी तेलातच राहतं. तेल ओतायचं झाकण उघडून आत बोट फिरवा, पिवळट लोण्यासारखा लिबलिबीत थर हाताला लागेल. तो दिसला की समजा, गाडी अंगणातच म्हातारी होते आहे. महिन्यातून एकदाच काढा, पण काढली की वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. ते जमणार नसेल तर मुळीच सुरू करू नका.

दुसरी गोष्ट हवा. या गाडीत रेडिएटर नाही, पाणी नाही, गळणारा होज नाही. डायनॅमोच्या दांड्यावरच पंखा बसवलेला आहे, आणि डायनॅमो फिरतो तो पट्ट्यावर. म्हणजे पट्टा तुटला की पंखा बंद, पंखा बंद की इंजिन काही मिनिटांत भाजून निघतं. डॅशबोर्डवर डायनॅमोचा लाल दिवा लागला तर 'घरी जाऊन बघू' असं म्हणायचं नाही. जिथे असाल तिथे थांबायचं. आणि एक पट्टा कायम गाडीत ठेवायचा.

पण पट्टा शाबूत असून, पंखा फिरत असून, लाल दिवा लागलेला नसूनही इंजिन भाजू शकतं. ते कसं, हे मला आमच्या गणपतीने शिकवलं.

आमचा गणपती माशेलच्या एका चित्रशाळेतून येतो. मातीचा, हातभर उंच. (प्लास्टरचा नाही. प्लास्टरचा गणपती आणणाऱ्यांशी मी चवथीचे दिवस सोडून भांडायला तयार आहे.) वडील होते तेव्हापासून तो उंड्यातूनच येतो. सहा वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मी, माझी आई, आणि कॉलेजात शिकणारा माझा भाचा. अख्खा पावसाळा उंडो मांगरात, म्हणजे आमच्या छपरीत, उभा होता. मी निघताना तेल पाहिलं, पट्टा दाबून पाहिला, चाकांत हवा भरली. आपण सगळं केलं, या समाधानात मी होतो.

जाताना काही झालं नाही. चित्रशाळेत गर्दी होती, गणपती हातात यायला तास गेला. परत निघालो. मधल्या बाकावर आई, तिच्या मांडीशी गणपती, तोंडावर कपडा. खांडोळ्याहून आमोण्याच्या पुलाकडे आलो आणि आई म्हणाली, "रे, कोणीतरी काजू भाजतंय."

वास मलाही आला. छान, खमंग. मी म्हटलं, "असेल कोणाच्या घरी."

पूल ओलांडला. वास तसाच. पुढे चढ लागला. वास वाढला. मागून भाचा म्हणाला, "मामा, तीन किलोमीटर झाले. एवढ्या लांब कोण भाजतंय? आणि चवथीच्या दिवसांत काजू कोण भाजतो?"

श्रोतेहो, या पोराच्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळा आला. 1960 च्या या गाडीत हीटर आहे. गोव्यात हीटर म्हणजे समुद्रावर मिठाचं दुकान, पण आहे. आणि त्या काळचा हीटर असा की सिलिंडरवरून जाऊन तापलेली हवाच सरळ गाडीत येते. आमच्या हीटरची झडप गंजून अर्धी उघडी राहिलेली. म्हणजे इंजिनात जे भाजतंय त्याचाच वास आम्हाला येत होता. तेवढ्यात तेलाचा हिरवा दिवा लुकलुकला. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

मागचं झाकण उघडलं तर गरम हवेचा लोट तोंडावर आला. पट्टा जागेवर, ताठ. तेल गळलेलं नाही. सगळं ठाकठीक, फक्त इंजिन तव्यासारखं तापलेलं. पंखा पत्र्याच्या मोठ्या घरात असतो आणि त्याचं हवा घेणारं तोंड पलीकडच्या बाजूला, गाडीच्या नाकाकडे. झाकण उघडून उभं राहिलं तर ते दिसत नाही. पलीकडे हात घालून चाचपावं लागतं. थोडं निवल्यावर मी हात घातला. बोटांना काथ्या लागला.

इकडे आकाश भरून आलेलं. रस्त्यावर मातीचा गणपती, पाऊस केव्हाही. भाचा गाड्यांना हात करायला लागला. पहिला टेंपो थांबला तो मासळीचा. आईने नुसतं पाहिलं, ड्रायव्हरने ते ओळखलं आणि नमस्कार करून पुढे गेला. दुसरी पिकअप थांबली ती माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या चौकटीचं, सामान घेऊन डिचोलीच्या बाजाराला निघालेली. शहाळी, सुपारीचे घोस, तवशी, रानातली नाना फळं, वर ताडपत्री. त्या भल्या माणसाने मागे जागा केली, गणपती त्या फळांत बसवला, आईला पुढे घेतलं आणि आमच्या दारात नेऊन सोडलं. पैसे घेतले नाहीत. आई आजही सांगते की आमचा गणपती एकदा माटोळी आधी बांधून मग घरी आला.

आम्ही मामा-भाचे राहिलो. हत्यारांची पेटी होती, पण अशा फटीत जाईल असं त्यात काही नव्हतं. आईची छत्री गाडीत राहिली होती. तिची एक काडी मोडली, टोक वाकवून आकडा केला आणि पंख्याच्या पात्यांमधून आत घालून ओढायला लागलो. काथ्या निघाला. गवत निघालं. कागदाचे कपटे निघाले. एका कपट्यावर वडिलांचं अक्षर! मांगरातली तेल बदलल्याच्या तारखांची वही उंदरांनी कुरतडून आत नेली होती. '1986', 'तेल', 'पट्टा न...' असे तुकडे मी ओल्या हातावर घेऊन उभा, आणि वर पाऊस सुरू.

आणि मग काजूगर निघाले. पाच, दहा, वीस. काही पांढरे, काही सोनेरी, काही जळून कोळसा. आता आतली गोष्ट. जून महिन्यापासून आईचा संशय होता की मांगरातल्या डब्यातले काजूगर भाचा खातो. दर आठवड्याला डबा हलका होत होता आणि दर आठवड्याला पोर बोलणी खात होतं. तो रस्त्यावर, भर पावसात, मूठभर भाजलेले काजूगर घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, हे आजीला दाखवल्याशिवाय मी आरतीला उभा राहणार नाही."

तुमच्या मनात आता जो विनोद आलाय, गणपतीचं वाहन आधीच गाडीत बसलं होतं वगैरे, तो मी त्या दिवसापासून शंभर वेळा तरी ऐकलाय. गावातल्या भटजींनी तर तो भर आरतीनंतर केला.

निम्मंच घरटं निघालं. संध्याकाळी शेजाऱ्याच्या जीपला दोर बांधून उंडो घरी आणला. विसर्जनानंतर इंजिन उतरवलं. ते फारसं कठीण नाही, गिअरबॉक्सला मोठे चारच बोल्ट असतात, पण खाली घ्यायला दोन धडधाकट माणसं हवीत. पत्रा काढला तर बाकीचं घरटं डाव्या हाताला, नेमकं तिसऱ्या सिलिंडरवर. या इंजिनात तेल थंड करणारा कूलर पत्र्याच्या आतच उभा असतो आणि त्याच्या आडोशाला तिसरा सिलिंडर येतो. मुळातच त्याला हवा कमी, त्यात उंदरांनी पांघरूण घातलेलं. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता.

तेव्हा पुन्हा सांगतो. हवा. पट्टा बघितला म्हणजे हवा बघितली असं नाही. गाडी महिनाभर उभी असेल तर सुरू करण्याआधी पलीकडे हात घालून पंख्याचं तोंड चाचपा. गाडी उभी असताना तिथे बारीक जाळी बांधून ठेवता येते, पण ती काढायला विसरलात तर तुमच्यात आणि उंदरात फरक नाही. मी जाळीला लांब लाल चिंधी बांधतो आणि चिंधीचं दुसरं टोक स्टिअरिंगला. आमच्या डिचोलीच्या बाजूला आणखी एक शत्रू म्हणजे खाणीची तांबडी धूळ. ती सिलिंडरच्या पापुद्र्यांत तेलाबरोबर बसून विटेसारखी घट्ट होते. इंजिन उतरवलं आहे तोवर ती खरवडून काढा. झाकणाभोवतीचं आणि इंजिनाच्या कडेचं रबरही बघा. ते गेलं की खालची तापलेली हवाच पंखा पुन्हा वर ओढतो.

घड्याळ बघता बाकीचं आता भराभर सांगायला हवं.

तेल अडीच लिटर लागतं. या इंजिनाला तेलाचा फिल्टर नाही, तळाशी फक्त जाळी आहे, म्हणून तेलातच सगळी घाण फिरते. क्वचित चालणाऱ्या गाडीचे किलोमीटर मोजू नका, महिने मोजा. पावसाआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा. व्हॉल्व्हचं अंतर त्याच वेळी बघा, इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी.

पेट्रोल. पंपावर आता मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्यासारख्यांच्या जुन्या रबरी नळ्या मऊ करतं. वरून सूत विणलेली जुनी नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतून फाटलेली असते. टाकी इंजिनाच्या वर, तारा शेजारी, इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. पेट घेतला की विझत नाही. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला आणि तरीही दर वर्षी बघा. फार दिवस उभी ठेवायची तर पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, कार्ब्युरेटर रिकामा होतो.

हँडब्रेक ओढून पावसाळाभर ठेवू नका, लायनिंग ड्रमला चिकटते. चाकाला ओंडका लावा. ब्रेकचं तेल दोन वर्षांनी बदला. बॅटरीची एक तार सोडून ठेवा. आमची सहा व्होल्टची आहे, तिला तर जरासा गंजही सोसत नाही. आणि प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधू नका. आपल्याकडच्या दमटपणात ते कव्हर नसून वाफेचं भांडं असतं. वर छप्पर, खाली कोरडी जमीन, चारी बाजूंनी वारा, हे मांगरात फुकट मिळतं. किनाऱ्यावर अशा व्हॅनना फुलं रंगवून, इंजिन काढून, आत चहाचं दुकान थाटतात. मला ते बघवत नाही, पण निदान त्यांच्या चहाला धुराचा वास नसतो.

कागदपत्रांचं एकच सांगतो. 50 वर्षांवरच्या गाडीसाठी केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणी आणली. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, मान मिळतो, पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मी तिच्या वाटेला गेलेलो नाही. पहिली गोष्ट काय सांगितली होती? सुरू करू नका, चालवा.

वडिलांच्या वहीच्या जागी नवीन वही आहे, पत्र्याच्या डब्यात. काजूगरही आता पत्र्याच्या डब्यात असतात, वर दगड. छत्रीची ती वाकवलेली काडी मांगरात खिळ्याला टांगलेली आहे आणि दर वेळी गाडी काढताना मी तीच वापरतो. छत्री मात्र आईला अजून घेऊन दिलेली नाही. पाऊस तोंडावर आलाय, आणि आज निघताना तिने मला आठवण केली की पणजीला जातोच आहेस तर.

नमस्कार.