मीटर कोण वाचतं? वीज मोजण्याच्या शोधांची गोष्ट

[दृश्य: एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कची छायाचित्रं. मग तळघराच्या भिंतीवरची एक लाकडी पेटी.]

न्यूयॉर्क, १८८३. महिना संपला की एडिसनच्या कंपनीचा माणूस ग्राहकाच्या तळघरात उतरायचा. भिंतीवरची पेटी उघडायचा, आतल्या काचेच्या बरण्या काढायचा, त्यांच्या जागी नव्या ठेवायचा आणि जुन्या घेऊन निघून जायचा. कंपनीत गेल्यावर त्या बरण्यांमधल्या जस्ताच्या पट्ट्या धुवायच्या, वाळवायच्या आणि नाजूक तराजूत तोलायच्या. पट्टीच्या वजनात जितका फरक, तितकी वीज वापरली. त्यावरून बिल.

हे वीज मीटर होतं. त्याला काटा नव्हता, आकडे नव्हते, आत फिरणारं काहीही नव्हतं.

तत्त्व मायकेल फॅराडेचं. त्यानं १८३०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की द्रावणातून जितका विद्युतभार वाहील, त्या प्रमाणात धातू एका पट्टीवरून सुटतो आणि दुसरीवर जाऊन बसतो. एडिसननं झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवल्या, आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या प्रवाहाचा एक अगदी छोटा, ठरलेला हिस्सा त्या बरणीतून वळवला. विचार साधा आणि पक्का होता.

पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ला सुरू झालं. दिवे लागले, वाहवा झाली. आणि पुढचे काही महिने एडिसननं कुणाकडून एक पैसाही घेतला नाही. मोजायची सोय भरवशाची झाल्याशिवाय मागणार तरी कशाच्या आधारावर? त्याची स्पर्धा गॅसच्या दिव्यांशी होती, आणि गॅसवाल्यांकडे मीटर आधीपासून होतं.

[दृश्य: पेटीच्या आत पेटलेला छोटा दिवा]

हिवाळ्यात नवीच अडचण. तळघरात बरणीतलं द्रावण गोठलं तर हिशेबच बंद. म्हणून पेटीच्या आत एक दिवा बसवला. थंडी वाढली की दोन धातूंची जोडपट्टी वाकायची आणि तो दिवा आपोआप लागायचा. ग्राहकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं! एडिसननं पुढे आठवण सांगितली आहे: पहिल्याच कडाक्याच्या थंडीत फोन सुरू झाले. कुणी म्हणे, आमचं मीटर लालबुंद झालंय, चालेल ना? कुणी म्हणे, मीटरला आतून आग लागली होती, आम्ही पाणी ओतलं, काही बिघडलं तर नाही ना?

गंमत बाजूला ठेवू. खरी अडचण दुसरीच होती. पट्टी तोलणार कंपनी, वजन लिहिणार कंपनी, बिल पाठवणार कंपनी. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर काहीच नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी उभी करणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात जे येतं, तेच न्यूयॉर्कच्या दुकानदाराच्या मनात येत होतं. काटा बरोबर असेलही. पण तो मला दिसत का नाही?

वीज मोजण्याच्या इतिहासातला आमच्या मते हाच मुख्य प्रश्न आहे. अचूकता हळूहळू येत गेली, ती येणारच होती. पण मीटर वाचतं कोण, हा प्रश्न दर नव्या शोधाबरोबर पुन्हा उभा राहिला.

एडिसनच्या आधी, १८७२मध्ये, सॅम्युअल गार्डिनर या अमेरिकन माणसानं दिवा किती वेळ जळला एवढंच नोंदणाऱ्या घड्याळाचं पेटंट घेतलं होतं. एडिसननंतर बर्लिनच्या हेर्मान आरोननं दोन लंबकांचं मीटर बनवलं. एक लंबक आपल्या चालीनं हलणार, दुसऱ्याची चाल विजेच्या प्रवाहामुळे बदलणार, आणि दोघांत जो फरक पडेल तो तबकडीवर दिसणार. काम कलाकुसरीचं, आणि युरोपात ते चाललंही. पण दोन लंबक तंतोतंत सारखे ठेवणं म्हणजे घड्याळजीला कायमचं काम.

आता पिट्सबर्गला जाऊ.

[दृश्य: वेस्टिंगहाउस कारखान्याचं जुनं चित्र. संगीत थांबतं.]

जॉर्ज वेस्टिंगहाउस १८८६पासून प्रत्यावर्ती वीज, म्हणजे आपल्या घरात येते ती एसी वीज, विकत होता. तिच्यावर एडिसनची बरणी निरुपयोगी. एसीचा प्रवाह सेकंदात कित्येक वेळा दिशा बदलतो. जस्त जितकं जाणार तितकंच परत येणार, वजन आहे तिथेच. मग वेस्टिंगहाउसची आकारणी व्हायची दर दिव्यामागे, ठोक. महिन्याला ठरलेली रक्कम देणारा माणूस दिवा कशाला मालवेल? दिवे रात्रभर जळायचे आणि कोळसा कंपनीचा.

एप्रिल १८८८. कंपनीतला ऑलिव्हर शॅलेनबर्गर हा तरुण अभियंता एका नव्या आर्क दिव्याची तपासणी करत होता. अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत शिकलेला, वय अठ्ठावीसही पूर्ण नाही. दिव्यातली एक छोटी स्प्रिंग सुटली आणि आतच, विद्युतचुंबकाजवळच्या कडेवर जाऊन पडली. ती उचलून परत बसवायची, एवढंच काम. पण शॅलेनबर्गरचं लक्ष गेलं, की पडलेली स्प्रिंग स्वस्थ नाहीये. ती सावकाश गोल फिरतेय.

तिला कुणी हात लावलेला नव्हता. वारा नव्हता. मग फिरवतंय कोण?

कुणीही म्हटलं असतं, हादऱ्यानं हलली असेल. शॅलेनबर्गरनं ती स्प्रिंग तशीच राहू दिली आणि कारण शोधलं: दिव्यातल्या एसी प्रवाहामुळे तिथलं चुंबकीय क्षेत्रच फिरत होतं, आणि ते धातूला आपल्याबरोबर ओढत होतं. गालिलेओ फेरारिस इटलीतल्या तोरिनोमध्ये याच गोष्टीवर १८८५पासून काम करत होता आणि त्याचा निबंध त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झाला होता. निकोला टेस्लाचं प्रसिद्ध व्याख्यान मे महिन्यातलं. म्हणजे एकाच वसंतात तीन वेगवेगळ्या ठिकाणी फिरणाऱ्या क्षेत्राचा विषय निघाला. त्यातून मोटर करायची की मीटर, एवढाच फरक.

शॅलेनबर्गरनं मीटर केलं, तेही महिन्याभरात. धातूची चकती, तिला फिरवणारी कॉइल, फेरे मोजणारे दाते, आणि चकती बेफाम पळू नये म्हणून हवा कापणारी चार पाती. तबकडीवर आकडे. ग्राहकानं दार उघडावं आणि वाचावं.

(या माणसाचं नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्याही कानावर फारसं पडत नाही, याचं वाईट वाटतं. १८९८मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो गेला.)

त्याच्या मीटरमध्ये एक उणीव होती. ते फक्त प्रवाह मोजायचं. नुसते दिवे असतील तर चालून जायचं. पण मोटर आली की प्रवाह एक सांगतो आणि प्रत्यक्ष खर्च झालेली शक्ती दुसरंच काही. आपल्या कारखानदारांना पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) नावाची जी डोकेदुखी ठाऊक आहे, ती हीच.

[दृश्य: बुडापेस्ट, गान्झ कारखाना. चकतीच्या मीटरचं ॲनिमेशन.]

ती उणीव काढली बुडापेस्टच्या ओट्टो ब्लाथीनं, १८८९मध्ये. गान्झ कारखान्यातला हा माणूस ट्रान्सफॉर्मरच्या जनकांपैकी एक. त्याचं मीटर त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलं गेलं. लाकडी फळीवर बसवलेलं, वजन २३ किलो. भिंतीला आधी विचारावं लागेल असं. पण आत जी रचना होती, ती पुढची शंभर वर्षं जगभर चालली. आपल्या जिन्याखालच्या काळ्या मीटरमध्येही तीच.

नीट पाहा. मधे ॲल्युमिनियमची पातळ चकती. एका बाजूला जाड तारेची करंट कॉइल, घरातला सगळा प्रवाह तिच्यातून जातो. दुसऱ्या बाजूला बारीक तारेचे भरपूर वेढे असलेली प्रेशर कॉइल, ती व्होल्टेजवर चालते. दोन्हींच्या चुंबकक्षेत्रांचं शिखर एकाच क्षणी येत नाही, एक जरा मागे राहतं. त्यामुळे चकतीला क्षेत्र सरकल्यासारखं भासतं, तिच्यात छोटे छोटे प्रवाह गोल फिरू लागतात आणि चकती ढकलली जाते. हा ढकलण्याचा जोर प्रवाह, व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर या तिघांच्या गुणाकाराइतका. म्हणजे थेट वॉट.

पण नुसतं ढकललं तर चकती वेग घेतच राहील. म्हणून कडेला एक कायमचुंबक. चकती त्याच्या तोंडातून जाते आणि जितकी जोरात फिरते तितका तो तिला जास्त मागे खेचतो. दोन्ही जोर जिथे बरोबरीत येतात, तिथे वेग स्थिरावतो. वॉट दुप्पट, वेग दुप्पट. आणि वेगाऐवजी फेरे मोजत गेलं, की गुणिले तास आपोआप होतं. दात्यांच्या चाकांनी ते आकड्यांवर नेलं, झालं मीटर. गुणाकार करणारं आणि बेरीज ठेवणारं हे यंत्र बॅटरीशिवाय, चिपशिवाय वर्षानुवर्षे भिंतीवर चालत राहतं. आम्हाला तरी याच्यापेक्षा देखणं घरगुती यंत्र आठवत नाही.

एक बारकावा. घरातलं सगळं बंद असलं तरी प्रेशर कॉइल चालूच असते, आणि तेवढ्यावर चकती कणाकणानं सरकू शकते. कुलूप लावून गावी गेलेल्या माणसाला बिल! उपाय म्हणून चकतीला समोरासमोर दोन भोकं पाडली. भोक कॉइलखाली आलं की चकती अडकून थांबते.

अशा मीटरवर ‘६०० फेरे प्रति किलोवॅट-तास’, म्हणजे एका युनिटला ६०० फेरे, असं लिहिलेलं असायचं. एक किलोवॅटचा हीटर लावला की सहा सेकंदांना एक फेरा. चकतीच्या कडेवरची काळी खूण पाहत घड्याळ लावलं, की शाळकरी पोरालाही हिशेब तपासता यायचा. चाळीच्या मीटरबोर्डासमोर उभं राहून ‘जोशांचं बघ कसं पळतंय’ म्हणणारी माणसं प्रत्यक्षात शेजाऱ्याचे वॉट वाचत होती.

[दृश्य: ब्रायटनचा समुद्रकिनारा, जुनं चित्र]

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या आर्थर राइटनं प्रश्नच वेगळा विचारला. एकूण किती वीज वापरली हे कळलं. पण एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली? वीजकेंद्र केवढं बांधायचं, ते या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. त्यानं काचेच्या नळीत द्रव भरला. प्रवाहानं हवा तापायची, पसरायची आणि द्रवाला ढकलायची; शिखर गाठलं की थोडा द्रव पलीकडच्या नळीत सांडून तिथेच राहायचा. क्षणभराच्या उसळीची नोंद होत नसे, कारण तापायलाच वेळ लागतो. एकेकाळी एडिसनचा सचिव असलेला सॅम्युअल इन्सल १८९४मध्ये ब्रायटनला गेला, हे मीटर पाहिलं आणि शिकागोत नेलं. भोसरी किंवा बुटीबोरीतल्या कारखान्याच्या बिलात डिमांड चार्जेसची जी ओळ असते, तिचं मूळ त्या नळीत आहे.

आणि जिथे मीटरच नाही, तिथे?

[दृश्य: विहिरीवरचा पंप, रात्र]

महाराष्ट्रात लाखो कृषिपंपांना मीटर नाही. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते, वेस्टिंगहाउस दिव्यामागे करायचा तशीच. शेतात प्रत्यक्ष किती युनिट गेले, हा अंदाज. त्या अंदाजात शेतकऱ्याच्या नावावर गळती आणि तारांवर आकडे टाकून झालेली चोरीही खपवली जाते, असा आरोप अभ्यासक आणि ग्राहक संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल राज्य सरकार भरतं. म्हणजे अंदाज तोच, पैसे तिजोरीतून.

आता चकती जवळजवळ गेली. तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आलं: आत चिप, बाहेर लुकलुकणारा लाल ठिपका. पाठोपाठ बोलणारी मीटरं आली. इटलीच्या एनेल कंपनीनं २००१पासून पाच-सहा वर्षांत तीन कोटींच्या आसपास मीटर बसवले, जे विजेच्या तारेतूनच आपलं रीडिंग कळवत होते. रीडिंग घेणारा माणूस दारात येईनासा झाला.

याच्या बऱ्याच आधी, १९८०च्या दशकात, एमआयटीत जॉर्ज हार्ट नावाचा संशोधक घराघरांतल्या वीजवापराचे आलेख पाहत होता. त्याला त्यात पायऱ्या दिसल्या. फ्रिज लागला की एका मापाची पायरी, हीटर लागला की दुसऱ्या. घरात पाऊल न टाकता, नुसत्या मीटरवरून, कोणतं उपकरण केव्हा चालू झालं हे ओळखण्याची पद्धत त्यानं उभी केली. आणि मग त्याचा धोकाही त्यानं स्वतःच लिहिला, १९८९मध्ये: घरातली माणसं केव्हा उठतात, केव्हा बाहेर असतात, हे वीजकंपनीच्या तारेवरून कळू शकतं. स्वतःच्या शोधाची अशी फिर्याद करणारे संशोधक थोडे.

महाराष्ट्रात २०२४मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरांना जोरदार विरोध झाला आणि सर्वसामान्य ग्राहकांकडे ते बसवणार नाही, असं सरकारनं जाहीर केलं. पुढे टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर आले. बिल नंतरच भरायचं, पण वापराची नोंद वेळेनुसार. दिवसा वापरलेल्या विजेला सवलत मिळते, ती या नोंदीमुळेच. ही नोंद मोबाइलवर ग्राहकालाही पाहता येते. किती जण पाहतात, हा भाग वेगळा.

[दृश्य: मीटरवरचा लाल ठिपका, अगदी जवळून]

तुमच्या मीटरवर ‘इम्प/केडब्ल्यूएच’च्या आधी एक आकडा असेल, समजा ३२००. म्हणजे एका युनिटला ठिपका ३२०० वेळा लुकलुकणार. घरातलं बाकी सगळं बंद करा आणि दोन किलोवॅटचा गिझर लावा. मिनिटभर मोजा. १०६-१०७ व्हायला हवेत. गावाकडे व्होल्टेज २००पर्यंत उतरलं असेल, तर ऐंशीच्याच आसपास भरतील. तो मीटरचा दोष नाही, गिझरच तेव्हा कमी वीज घेतो आणि पाणी तापायला जास्त वेळ लावतो. व्होल्टेज ठीक असून आकडा भलताच वर गेला, तर शुल्क भरून मीटर तपासून मागता येतं. अर्जात तुमची मोजणी लिहा, वेळेसकट.