व्हिसाची कागदपत्रं: आधी नीट स्कॅन, मग लहान फाइल

नमस्कार श्रोतेहो.

संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणीहून कितीतरी मुलं शिकायला परदेशी जातात, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांचे आईवडील त्यांना भेटायला निघतात. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. सगळं भरून होतं आणि गाडी अडते कागदपत्रं चढवताना. फाइल मोठी आहे, स्वीकारता येत नाही, अशी लाल अक्षरं येतात. मग झेरॉक्सच्या दुकानात धाव घ्यायची, ‘दादा, एवढी फाइल छोटी करून द्या’ म्हणायचं. तो ती इतकी दाबून देतो की शिक्क्यावरची तारीखच वाचता येत नाही. अर्ज जातो खरा, पण जो कागद अधिकाऱ्याला वाचता येत नाही, तो जोडून न जोडल्यासारखाच.

कागद-पेन जवळ घ्या, थोडे आकडे येणार आहेत.

फाइल किती मोठी होणार हे स्कॅन करतानाच ठरतं. ए-फोर आकाराचा कागद 300 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन केला, तर त्यात रुंदीला 2480 आणि उंचीला 3508 ठिपके, यांनाच पिक्सेल म्हणतात, येतात. एकूण सुमारे 87 लाख. तोच कागद 150 डीपीआयवर घेतला तर पिक्सेल निम्मे होत नाहीत, पाव होतात, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी होते. बहुतेक कागदांना 200 डीपीआय पुरतं. बारीक अक्षरांची गुणपत्रिका किंवा जुना, पुसट झालेला जन्मदाखला असेल तर 300 ठेवा. 100 च्या खाली उतरू नका. तिथे शिक्क्यातली अक्षरं एकमेकांत मिसळतात. 200 डीपीआयवर, मध्यम दर्जाच्या जेपीजीत, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइल प्रकारात, एक रंगीत पान साधारण तीनशे केबीच्या आसपास बसतं. म्हणजे दहा पानं तीन एमबीत.

आता मर्यादा. कॅनडाच्या ऑनलाइन अर्जात एका फाइलला 4 एमबी, ऑस्ट्रेलियाच्या इमीअकाउंट या व्हिसा पोर्टलवर 5 एमबी. देशादेशाप्रमाणे आणि अर्जाच्या प्रकाराप्रमाणे आकडा बदलतो, तेव्हा अपलोडच्या पानावर लिहिलेलाच धरा. आणि अगदी काठावर जाऊ नका. चारची मर्यादा असेल तर साडेतीनवर थांबा, कारण तुमचा मोबाइल एमबी मोजतो एका हिशेबाने आणि पोर्टल दुसऱ्या; कुठे 1000 चा पट, कुठे 1024 चा.

कॅनडाच्या अर्जात प्रत्येक रकान्यात एकच फाइल बसते. म्हणून सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मुदत ठेवींच्या पावत्या, पगारपत्रकं एकाच पीडीएफमध्ये ओळीने जोडावी लागतात. पहिल्या पानावर छोटी अनुक्रमणिका टाका: कोणता कागद कितव्या पानावर. ज्याला स्वतंत्र रकाना नाही असं पत्र किंवा खुलासा ‘क्लायंट इन्फर्मेशन’ या रकान्यात जातो. पुष्कळांना तो रकाना दिसतच नाही.

बँक स्टेटमेंटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बँकेकडून ईमेलवर येणारी पीडीएफ मुळात अक्षरांची असते, चित्राची नसते. वीस पानं असली तरी तीन-चारशे केबीत मावते. लोक काय करतात, तिची प्रिंट काढतात, सही-शिक्का घेतात आणि परत स्कॅन करतात. वीस पानांची फाइल सहा-सात एमबी होते आणि अक्षरंही पुसट. शिक्का मागितलेला नसेल तर मूळ ईमेलची फाइलच जोडा. अडचण एकच: तिला पासवर्ड असतो आणि पोर्टलला किंवा अधिकाऱ्याला ती उघडत नाही. संगणकावर ती क्रोममध्ये पासवर्ड टाकून उघडा, प्रिंटचा आदेश द्या आणि प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडा. बँकेने छपाईला मनाई केलेली नसेल तर नवी फाइल पासवर्डशिवाय तयार होते, अक्षरं जशीच्या तशी.

हीच युक्ती डिजिटल सातबाऱ्याला मात्र लावू नका. महाभूमी संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत मिळणाऱ्या सातबाऱ्यावर डिजिटल सही असते. ती फाइल दाबली, दुसऱ्या फाइलीत जोडली किंवा पुन्हा पीडीएफ म्हणून जतन केली की सही तपासता येत नाही. फक्त तिचं चित्र उरतं. सातबारा, डिजीलॉकरमधली बोर्डाची गुणपत्रिका, असे कागद डाउनलोड झाले तसेच चढवा. एकाच फाइलीत जोडणं भागच असेल तर जोडा, पण मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो, फक्त साधा फोटो काढू नका. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅन आहे, आयफोनवर नोट्समध्ये. कडा सरळ करणं, सावली घालवणं हे तिथे आपोआप होतं. पण फिल्टर तपासा. पुष्कळ ॲप स्वतःहून काळा-पांढरा फिल्टर लावतात. त्यात फिका जांभळा शिक्का आणि उठावदार मोहोर साफ नाहीशी होते, आणि निळ्या शाईची सही छापील अक्षरांवर असेल तर तीही वेगळी ओळखू येत नाही. शिक्का-सहीचा कागद रंगीतच घ्या. नुसत्या छापील मजकुराला ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचं स्कॅन, पुरे. आपल्याकडे गुणपत्रिका लॅमिनेट करून ठेवायची फार सवय. तिच्यावर दिव्याची चमक पडते आणि नेमके गुण झाकले जातात. ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश लावू नका.

फाइल संगणकावर न्यायची तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथे ती न विचारता दाबली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. दर्जा टिकला का, हे पाहायला पासपोर्टचं पान बरं. फोटोच्या खाली दोन ओळी असतात, प्रत्येकीत 44 अक्षरं आणि बाणासारख्या खुणा. झूम करून त्यातला शून्य आणि ओ वेगळा ओळखता आला पाहिजे.

एवढं करूनही फाइल मोठी राहिलीच, तर दाबा. संगणकावर इंटरनेटशिवाय चालणारं पीडीएफ ट्वेंटीफोर क्रिएटरसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे. 150 डीपीआय ठेवून एकदा दाबा. नाही जमलं तर दाबलेलीच फाइल पुन्हा दाबू नका. मूळ स्कॅनवर परत जा. जेपीजी प्रत्येक वेळी काही ना काही टाकून देतं आणि गेलेलं परत येत नाही. आणि कळकळीने सांगतो, आधार, पासपोर्ट, बँक स्टेटमेंट कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर ‘फाइल छोटी करा’ म्हणून चढवू नका. दुकानात काम केलंत तर निघताना तिथल्या संगणकावरून फाइल पुसायला लावा, रिसायकल बिनमधूनही.

फोटोचं गणित वेगळं. अमेरिकेच्या डीएस-160 या ऑनलाइन व्हिसा अर्जाला चौरस जेपीजी लागते: कमीत कमी 600 बाय 600, जास्तीत जास्त 1200 बाय 1200 पिक्सेल, आणि वजन 240 केबीच्या आत. चष्मा चालत नाही, मागची पार्श्वभूमी पांढरी, फोटो गेल्या सहा महिन्यांतला. स्टुडिओवाला सवयीने 35 बाय 45 मिलिमीटरचा देतो. तो ताणून चौरस करू नका, चेहरा रुंद होतो. मूळ मोठ्या फोटोतून चौरस कापून घ्या. आयफोनचा फोटो हेइक प्रकारात असतो. नुसतं नावापुढचं शेपूट बदलून जेपीजी होत नाही. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून फोटो काढा.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी. पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद, आणि नव्या बँक स्टेटमेंटवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव. ही नावं 2023 मध्ये बदलली, हे परदेशातल्या अधिकाऱ्याला माहीत असेलच असं नाही. सोबतच्या पत्रात एक ओळ लिहा की दोन्ही एकच. दुसरं, मराठी सातबारा, उर्दूतला निकाहनामा यांचं इंग्रजी भाषांतर मूळ कागदाला लागूनच, त्याच फाइलीत जोडा. ब्रिटनला भाषांतर अचूक असल्याचं भाषांतरकाराचं विधान, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहानसं ठेवा, मधे आडवी रेघ चालते. देवनागरी नाव किंवा कंस, टक्का अशी चिन्हं काही पोर्टलना पचत नाहीत, आणि सूचना मात्र भलतीच येते. लाइट जायच्या वेळा टाळून अपलोड करा. चढवून झाल्यावर पोर्टल परवानगी देत असेल तर तीच फाइल तिथून उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहा. अर्धवट चढलेली फाइलही यादीत नावासकट दिसते, आणि अर्ज दाखल झाल्यावर ती बदलायची सोय बहुधा उरत नाही.

नमस्कार.