ओळखीचा डोळा

नमस्कार श्रोतेहो.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थनेच्या ओघात काही पुरुष पायातलं काढून ठेवतात. लेवी या ज्यू कुळातली मंडळी त्यांच्या हातांवर पाणी घालतात. मग ते लोकांकडे तोंड करून उभे राहतात. डोक्यावरून पुढे ओढलेली प्रार्थनेची शाल, बोटं फाकवून उचललेले हात. शब्द हिब्रूतले, फक्त 15. पहिल्या ओळीत 3, दुसरीत 5, तिसरीत 7. "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो," अशी सुरुवात.

हे म्हणायचा मान कोहेनांचा, म्हणजे ज्यू पुरोहित घराण्यातल्यांचा. ज्यूंचा प्रेषित मोशे, त्याचा भाऊ अहरोन, त्याच्या वंशातल्या पुरुषांचा. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, कितीही विद्वान असो, कोहेन नसेल तर त्यानं हात उचलायचे नाहीत. आणि कोहेन असूनही ज्यानं माणूस मारलाय तो चालत नाही, दारू प्यालेला चालत नाही, घटस्फोटितेशी लग्न केलेला चालत नाही. या शेवटच्या नियमाशी माझं मन काही जुळत नाही, पण नियम आहे.

मग एरवी वागायला वाईट असलेला कोहेन? 12व्या शतकात मैमोनिदीस या ज्यू धर्मपंडितानं लिहून ठेवलंय, त्याला अडवू नका. आशीर्वाद देव देतो. कोहेन हात उचलतो, देतो देव. हे एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट उलगडेल.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! तिसऱ्या शतकात बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकात, सूरा गावी रव हूना नावाचे मोठे पंडित होते. त्यांनी सांगितलं, ज्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळतं त्यानं हात उचलू नयेत. का? तर लोक त्याच्याकडे बघत बसतील आणि आशीर्वादावरचं लक्ष उडेल. ठीक. पण तलमूद, ज्यू पंडितांच्या चर्चांचा जुना ग्रंथ, लगेच विचारतो, अहो, खुद्द रव हूनांच्या शेजारीच असा एक कोहेन होता, डोळे गळणारा, आणि तो तर हात उचलायचा! उत्तर काय यावं? तो गावाच्या सवयीचा होता. बस्स. रोज दिसणारा डोळा, त्याच्याकडे वळून कोण बघणार?

तिथेच रंगाऱ्यांचंही येतं. निळीनं, मंजिष्ठेनं हात रंगलेले असतील तर नको, लोक बघतील. पण गावातले बहुतेक जण तेच काम करत असतील तर खुशाल उचलावेत. हात तेच, रंग तोच. फरक बघणाऱ्यांत.

पुढे 16व्या शतकात ज्यू धर्मशास्त्राचे संकलक योसेफ कारो यांनी मुदतही घातली, गावात 30 दिवस राहिला की तो सवयीचा झाला. 30 दिवस! आपल्याकडे समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाला वर्षभरात आपण नाव विचारत नाही, हे मला फार लागतं. दार उघडं ठेवायला काय जातं?

असो. आपल्या कोकणातल्या ज्यूंत, म्हणजे बेने इस्रायलांत, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावोगावी शनवार तेली म्हणत, परंपरेनं कोहेन घराणी नव्हती. कोहेनच हजर नसेल तर काय, यालाही शास्त्रात सोय आहे. प्रार्थना चालवणारा तेच 15 शब्द म्हणतो, पण हात न उचलता, "देवा, तूच आम्हांला हा आशीर्वाद दे" अशी विनंती करून.