आधी हप्ता जगा, मग फ्लॅट बुक करा

आज मला बोलायला दिलेला विषय आहे, घरासाठी काटकसर नेमकी किती करायची. घर घ्यायचं ठरलं की नव्या जोडप्याला पहिला सल्ला मिळतो तो बाहेरचं खाणं बंद करण्याचा. या सल्ल्यावर माझा राग आहे. त्यातून महिन्याला फार तर तीन-चार हजार वाचतात, आणि वर्षभरात घरातल्या प्रत्येकाला त्या न घेतलेल्या घराचा कंटाळा येतो. गळती असते दुसरीकडेच.

पुण्यातला ८० लाखांचा, काम चालू असलेला फ्लॅट धरू. ‘८० टक्के बँक देते, आपण १६ लाख जमवू’, हे गणित सगळ्यांना पाठ. पण मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. जीएसटी ५ टक्के, आणखी ४ लाख. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. जीएसटीचं आधी विचारून घ्या, पण धरणार नाही असंच समजून चला. १६ चे २६ झाले! पुढे सोसायटीची आगाऊ देखभाल, किचनच्या ट्रॉल्या, खिडक्यांची ग्रिलं, पंखे आहेतच. हे वरचे दहा लाख ऐनवेळी सोनेतारण नाहीतर पर्सनल लोन काढून उभे राहतात, आणि मग दोन-दोन हप्ते भरताना पोटाला चिमटा घ्यावा लागतो.

ओघात आलंच आहे तर सांगतो. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, रेरा, म्हणजे बिल्डरांवर वचक ठेवणाऱ्या कायद्याचं कलम १३. बुकिंगलाच २० टक्के मागितले तर स्पष्ट नाही म्हणा. आणि फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. इथे सरळ ८० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव सोबत लागलं की सवलत गेली. हे ऐकून काही नवरे गप्प झालेले दिसताहेत, त्यांनी घरी जाऊन बोलावं.

आता माझं मुख्य म्हणणं. ६४ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता साधारण ५५,५००. देखभाल ४,००० धरा. आज भाडं २२,००० असेल तर फरक ३७,५०० चा. पगार जमा होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी एवढ्याची आरडी, म्हणजे बँकेतली दरमहा ठेव, कापली जाऊ द्या आणि उरलेल्यात जगून बघा. दोन वर्षांत व्याज सोडून ९ लाख जमतात, म्हणजे वरचे दहा लाख जवळपास आलेच.

आरडी मोडते ती बहुतेकदा जूनमध्ये. शाळेची फी ६० हजार, विम्याचे हप्ते ३० हजार, दिवाळी २५ हजार, गावाकडची लग्नकार्यं ३५ हजार: वर्षाचे दीड लाख, महिन्याला साडेबारा हजार. हा खर्च महिन्याच्या हिशोबात कुणी लिहीतच नाही. त्यासाठी वेगळं बचत खातं काढा आणि आरडीच्याच दिवशी तिकडे पैसे वळवा. एवढं करूनही लागोपाठ तीन महिने क्रेडिट कार्डाची बाकी पुढे गेली, तर घर तुमच्या ऐपतीपेक्षा मोठं आहे. दर पाच हजारांच्या तुटीमागे कर्ज पावणेसहा लाखांनी कमी करा. मुलांचा क्लास आणि आईवडिलांचा आरोग्य विमा मात्र तोडू नका.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत, आणि काटकसर नेमकी किती करायची हा तर जाहीर केलेला विषय! भराभर सांगतो. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ३५ ते ४० टक्क्यांच्या आत ठेवा, बँक जास्त द्यायला तयार असली तरी. सहा महिन्यांचा खर्च, हप्त्यासकट, बाजूला राहू द्या. डाउन पेमेंट कमी पडलं तरी त्याला हात लावू नका.

काम चालू असताना निम्मं कर्ज वितरित झालं की नुसतं व्याजच महिन्याला साडेबावीस हजारांच्या पुढे जातं, आणि भाडं चालूच असतं. ताबा वर्षभर लांबला तर काय, हा हिशोब सहीच्या आधी करा. तो जमत नसेल तर पूर्णत्वाचा दाखला मिळालेला फ्लॅट बघा, त्यावर जीएसटीही नाही. राहायला गेल्यावर हात सैल सोडा, पण वर्षाला एक जादा हप्ता भरा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो, आणि २० वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी फिटतं.