तावाऊ : सेंपोर्नाच्या वाटेवर जेवायला थांबावे असे गाव

नमस्कार. मलेशियाच्या साबाह राज्यात सेंपोर्नाला डायव्हिंगसाठी जाणारे बहुतेक पर्यटक तावाऊच्या विमानतळावर उतरतात आणि गावात न फिरकता थेट पुढची गाडी पकडतात. माझा आग्रह आहे की एक रात्र तरी तावाऊत काढावी, कारण इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाची चव मलेशियात राहून इथे मनसोक्त घेता येते.

याचे कारण नकाशावरच दिसते. समोरच्या सेबातिक बेटाचा उत्तर भाग मलेशियाचा आणि दक्षिण भाग इंडोनेशियाचा आहे. ब्रिटिश आणि डच यांच्यातल्या १८९१ च्या करारातली सीमारेषा बेटाच्या मधून जाते. व्यापारासाठी आणि मळ्यांवरच्या कामासाठी सुलावेसीतली बुगिस आणि जावा बेटावरची जावानीज कुटुंबे इथे येत राहिली आणि त्यांचे पदार्थ इथलेच होऊन गेले.

न्याहारीला नासी कुनिंग घ्यावे: हळद आणि नारळाचे दूध घालून शिजवलेला भात, त्यावर सांबाल म्हणजे मिरचीची तिखट चटणी, मासा आणि अंडे. मात्र माझ्या मते या खाद्यपरंपरेचा खरा मानाचा पदार्थ म्हणजे चोतो मकासार. गोमांस आणि वजडीचा हा रस्सा भाजलेल्या शेंगदाण्यांच्या वाटणाने दाट होतो, आणि वरून लिंबू पिळले की दाण्याच्या कुटावर वाढलेल्या आपल्या जिभेला तो मुळीच परका वाटत नाही. सोबत बुरास असते. नारळाच्या दुधात अर्धा शिजवलेला भात केळीच्या पानात घट्ट बांधून पुन्हा कितीतरी वेळ उकडतात. दोरा सोडून पान उलगडले की पानाच्या शिरा उमटलेली मऊ, किंचित खारट वडी हाती येते. गोमांस खात नसाल, तर कोंबडीचे सोतो आयाम मागावे. फलकावर ‘दागिंग’ लिहिले असेल, तर ते बहुधा गोमांसच असते. शाकाहारी मंडळींनी सांबालाविषयी आवर्जून विचारावे, कारण त्यात सहसा बेलाचान, म्हणजे कोळंबीजातीच्या बारीक जिवांची आंबवलेली पेस्ट, असते. तळलेले तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू हा त्यांच्यासाठी चांगला आधार आहे. रमजानमध्ये दिवसा अनेक खाणावळी बंद असतात, पण संध्याकाळचे बाजार भरगच्च असतात.

आता प्रवासाचे. क्वालालंपूरहून विमानाला सुमारे पावणेतीन तास लागतात. हा प्रवास देशांतर्गत असला तरी साबाहची प्रवेश-तपासणी वेगळी असल्याने पासपोर्ट हाताशी ठेवावा. मलेशियात येण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्रही भरावे लागते. इथे संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधारते आणि या किनाऱ्यालगतच्या समुद्रात सुरक्षेसाठी रात्रीची संचारबंदी असते, म्हणून बोटीचे बेत दिवसाच आखावेत. तावाऊहून इंडोनेशियातल्या नुनुकानला फेरी जाते. मात्र तो परदेशप्रवास असल्याने, तिकीट काढण्याआधी भारतीय पासपोर्टवर त्या बंदरात कोणता व्हिसा चालतो, याची इंडोनेशियाच्या वाणिज्य दूतावासात खात्री करून घ्यावी.