रँकच्या खालचा छेद

आजच्या विषयाचे दोन भाग ठरले आहेत. अमेरिकेतल्या हायस्कूलांची राष्ट्रीय रँकिंगं कशी तयार होतात, हा पहिला. घर घेण्याआधी शाळा कशी पारखायची, हा दुसरा. घर बघताना आधी शाळेचा क्रमांक किती जणांनी बघितला? जवळजवळ सगळेच हात वर आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत आपली मंडळी हेच करतात. म्हणजे दुसरा भाग ऐकायलाच तुम्ही आला आहात. तरी पहिल्यावर जरा जास्त थांबणार आहे, कारण प्राथमिक शाळेतल्या गणिताची एक गोष्ट आपण इथे हमखास विसरतो. अपूर्णांकाला छेद असतो. किती मुलं पास झाली हे सगळे विचारतात, पण किती मुलांपैकी हे कोणी विचारत नाही.

2012 सालचं उदाहरण घ्या. लास वेगासला लागून हेंडरसन आहे, तिथलं ग्रीन व्हॅली हायस्कूल. दरवर्षी शाळांची क्रमवारी लावणाऱ्या यू.एस. न्यूजच्या यादीत ही शाळा देशात 13वी आली. शाळेच्या नावापुढे 477 विद्यार्थी आणि 111 शिक्षक असे आकडे होते, आणि एपी परीक्षेला, म्हणजे हायस्कूलमध्येच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेला, बसलेले व पास झालेले दोन्ही 100 टक्के. 477 ला 111 ने भागा. शिक्षकामागे चार मुलं! नेवाडातल्या सर्वसाधारण सरकारी हायस्कूलमध्ये हे शक्यच नाही. शाळेचा खरा पट अडीच हजारांच्या वर होता. छेद पाच-सहा पटींनी आक्रसला की कोणतीही टक्केवारी आभाळाला टेकते. चूक उघडकीस आल्यावर तो क्रमांक मागे घेतला गेला.

यावर लोक म्हणतात, टायपिंगची चूक कुठेही होते. होते ना. पण चार मुलांमागे एक शिक्षक ही ओळ त्या शहरातल्या कुठल्याही पालकाला दाखवली असती, तर त्याने तिथल्या तिथे पकडली असती. यादी करणाऱ्यांपैकी कोणी वर्गात जाऊन बसत नाही. आकडे सरकारी माहितीसंचातून येतात, सूत्रातून जातात आणि हजारो शाळांची रांग लागते. ‘हे पटण्यासारखं आहे का’ असं विचारणारी पायरी त्या सूत्रातच नव्हती. मला त्या चुकीपेक्षा या गोष्टीची जास्त चिंता वाटते.

छेदाचा दुसरा प्रकार तर चूक नसतानाही घडतो. पत्रकार जे मॅथ्यूज यांचा चॅलेंज इंडेक्स, म्हणजे शाळांची आणखी एक क्रमवारी, 1998 मध्ये न्यूजवीक साप्ताहिकात आला. वर्षभरात शाळेत दिल्या गेलेल्या एपी आणि तशाच अवघड आयबी अशा परीक्षांची संख्या भागिले त्या वर्षी शाळा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या बारावीच्या मुलांची संख्या, एवढंच सूत्र. हेतू चांगला होता. गरीब वस्त्यांमधल्या मुलांना ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हणून अवघड विषयांपासून दूर ठेवलं जायचं आणि ते दार मॅथ्यूज यांना उघडायचं होतं. पण सूत्र नीट बघा. अंशात सगळ्या इयत्तांच्या परीक्षा, छेदात फक्त बारावी पार केलेले. अर्ध्यावर शाळा सोडलेलं मूल छेदातून गळतं आणि शाळेचा गुणांक वाढतो. शिवाय या सूत्रात पास व्हायची अटच नाही. बसलात की मोजले गेलात.

आता आजच्या यू.एस. न्यूजकडे येऊ. 2019 पासून तिथे 17,000 हून जास्त शाळांना क्रमांक मिळतो. कॉलेजची तयारी 30 टक्के, राज्य परीक्षेतली पातळी 20, अपेक्षेच्या तुलनेत कामगिरी 20, वंचित गटांची कामगिरी 10, अभ्यासक्रमाचा विस्तार 10 आणि ग्रॅज्युएशन, म्हणजे शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, 10. तयारी आणि विस्तार या दोन्हींत प्रामुख्याने एपी-आयबीच मोजतात. म्हणजे 40 टक्के तिथेच गेले.

यातला कॉलेजच्या तयारीचा गुणांक कागदावर मांडून बघा. बारावीत 100 मुलं, त्यांपैकी 60 एपीला बसली, 45 जणांना 5 पैकी 3 किंवा जास्त मिळाले. बसण्याला 25 टक्के वजन, पास होण्याला 75. म्हणजे 15 अधिक 33.75, गुणांक 48.75. आता समजा, याच तुकडीत नववीला 140 मुलं होती आणि 40 वाटेत गळाली. छेद 140 धरला तर गुणांक सुमारे 35 होतो. शाळा तीच, शिक्षक तेच. ॲरिझोनातल्या बेसिस नावाच्या साखळीतल्या शाळांनी 2018 च्या यादीत पहिले पाचही क्रमांक घेतले. तिथे एपी सक्तीची आहे आणि बारावीपर्यंत टिकणारी तुकडी लहान असते. तिथलं शिक्षण वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तुकडी का लहान होते हे क्रमांक सांगत नाही.

जाता जाता व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन हायस्कूलबद्दल. पूर्वी पहिल्या क्रमांकावर असलेली ही शाळा 2024 च्या यादीत 14वी आली आणि ‘प्रवेश परीक्षा काढली म्हणून घसरली’ असं सगळीकडे म्हटलं गेलं. परीक्षेशिवाय आलेली पहिली तुकडी 2021 मध्ये नववीत बसली. त्या यादीतला एपीचा आकडा मात्र 2021-22 च्या बारावीचा होता. ती मुलं जुनी परीक्षा देऊनच आलेली! यादी साधारण दोन वर्षं मागचं सांगते, एवढं तारखेवरूनही कळतं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. आता दुसरा भाग भरभर सांगतो.

प्रत्येक राज्याला 2015 च्या केंद्रीय कायद्यानुसार शाळांचं रिपोर्ट कार्ड प्रसिद्ध करावं लागतं. राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर शाळेचं नाव टाका. आधी वाढ बघा, म्हणजे मूल जिथे होतं तिथून किती पुढे गेलं. नुसती पातळी घराच्या उत्पन्नाबरोबर चढते. उलट स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांच्या अभ्यासात शिकागोची मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकल्याचं दिसलं. सरासरी बघितली असती तर ते शहर कोणी निवडलं नसतं.

मग गटवार निकाल. सरासरी 80 टक्के आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची 20, असं असेल तर शाळेने कोणाला सोडून दिलंय ते कळतं. मग दीर्घ गैरहजेरी, म्हणजे 10 टक्के किंवा जास्त दिवस न आलेली मुलं. हा आकडा मोठा असेल तर एपीची यादी कितीही लांब असली तरी जरा थांबा.

उरलेलं फोन करून विचारा. एपी कॅल्क्युलसला कोणीही बसू शकतं की आधीच्या वर्गाच्या ग्रेडची अट आहे? एका काउन्सेलरकडे, म्हणजे मुलांना विषय आणि कॉलेज निवडायला मदत करणाऱ्याकडे, किती मुलं आहेत? काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस 250 ची आहे, ती सोबत लिहून ठेवा. आणि यंदा बारावीत असलेली ही तुकडी नववीत होती तेव्हा पटावर किती होती? हे दोन्ही पट रिपोर्ट कार्डांत तीन वर्षांच्या अंतराने सापडतात. फरक मोठा असेल तर गेलेली मुलं कुठे गेली हे विचारा. काही घर बदलून गेलेली असतील, काही दुसऱ्या शाळेत पाठवलेली असतील. नीट चाललेल्या शाळेत याचं उत्तर कोणीतरी देऊ शकतं.